शेतातली माती आणि खत ओढ्यात जाऊ नये म्हणून : नव्याने शेती करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीत नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या, तेव्हा ते नुकसान साऱ्या राज्याने पाहिले आणि त्याचे पंचनामेही झाले. परंतु नदीपासून दूर, माळाच्या उतारावर असलेल्या शेतांतून दरवर्षी मृगापासून हस्तापर्यंत जी माती पातळ थराने निघून जाते, तिचा पंचनामा कोणी करत नाही, कारण ती गेल्याचे डोळ्यांना दिसत नाही. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी ती माती सुमारे चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास भरते आणि तिचे वजन पाच टनांच्या घरात जाते. ध्रुवनारायण आणि राम बाबू या मृदशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि आजही सर्वत्र आधाराला घेतल्या जाणाऱ्या अंदाजानुसार देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून अधिक माती जागची हलते. तिच्यापैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांच्या तळाशी बसते आणि उरलेली एका जागेवरून उठून दुसरीकडे साचते.

हा लेख ज्यांनी नुकतीच शेती हाती घेतली आहे, वडिलोपार्जित जमीन कसण्यासाठी जे गावी परतले आहेत किंवा ज्यांनी नवी जमीन विकत घेतली आहे, त्यांच्यासाठी आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेत ठेवले आहे : काळी किंवा मध्यम जमीन, एक ते पाच टक्के उतार, सोयाबीन, तूर किंवा कापूस, आणि शेताच्या खालच्या अंगाला पावसाळ्यात वाहणारा ओढा. ऊस बागायतीचे आणि कोकणातील भातशेतीचे प्रश्न थोडे वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केला आहे.

आधी हे समजून घ्यावे

शेतातून ओढ्यात जाणाऱ्या गोष्टी दोन वाटांनी जातात, आणि ही बाब नीट लक्षात न घेतल्यामुळेच पुष्कळसा खर्च वाया जातो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून असते, त्यामुळे माती गेली की तिच्याबरोबर स्फुरद जाते. नत्राचे (नायट्रोजनचे) नायट्रेट हे रूप मात्र पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीचे कण त्याला धरून ठेवू शकत नाहीत; ते वाहत्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते किंवा जिरणाऱ्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरून विहिरीत पोहोचते. म्हणजे माती अडवली की स्फुरद बहुतांशी अडते, पण नत्र अडतेच असे नाही. उलट, पाणी चांगले जिरवले आणि त्याच वेळी युरिया बेसुमार टाकला, तर ओढा स्वच्छ राहतो आणि विहिरीचे पाणी बिघडते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची कमाल मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिच्याहून जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या बाळांसाठी धोक्याचे ठरते.

दुसरी गोष्ट अशी की, पाणी सर्वांत आधी बारीक आणि हलके कण उचलते, आणि सेंद्रिय पदार्थ व अन्नद्रव्ये नेमकी त्याच कणांत असतात. त्यामुळे वाहून गेलेली माती ही मागे राहिलेल्या मातीपेक्षा अधिक कसदार असते. ज्या शेतात वर्षानुवर्षे धूप होते, तिथे खडे वर येतात, जमीन पांढरट पडते आणि तेवढ्याच पिकासाठी खताच्या गोण्या वाढवाव्या लागतात.

ओढ्यात पोहोचलेल्या या अन्नद्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात, शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. भीमेवरील उजनीच्या जलाशयाचे हिरवे पडणारे पाणी हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. तिथे शहरी सांडपाण्याचा वाटा मोठा आहे हे खरे, पण वरच्या खोऱ्यातील शेतांतून येणारे खत आणि गाळ त्यातच मिसळतात. गावपातळीवर पाहायचे तर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाझर तलाव आणि माती नाला बांध आपल्याच मातीने भरतात, आणि मग त्याच गाळासाठी आपण पुन्हा पैसे मोजतो.

पहिली पायरी : भर पावसात शेत पाहावे

नव्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत, वीज कडाडत नसल्याची खात्री करून, शेतात फिरावे. कोरड्या दिवसांत शेताचा जो उतार दिसतो आणि पाणी प्रत्यक्षात ज्या वाटेने जाते, त्यांत फार फरक असतो. पाणी आपल्या शेतात वरच्या कोणत्या कोपऱ्यातून शिरते, रस्त्याच्या चारीतून किंवा गाडीवाटेवरून किती येते, कुठे ते पसरून वाहते, कुठे एका धारेत गोळा होते, बांध कुठे फुटतो आणि शेवटी ते ओढ्यात कुठे पडते, हे सारे एका कागदावर काढावे. गटाचा नकाशा असेल तर त्याच्याच प्रतीवर बाण काढणे अधिक सोपे जाते. जिथे पाणी शेतात शिरताना स्वच्छ आणि बाहेर पडताना गढूळ दिसते, तिथे माती आपली जाते आहे; जिथे ते वरूनच गढूळ येते, तिथे वरच्या शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय प्रश्न सुटणार नाही.

पाऊस उघडल्यावर जमिनीकडे वाकून पाहावे. सोयाबीनच्या खालच्या पानांवर मातीचे शिंतोडे असतील, तर थेंब थेट उघड्या मातीवर आदळत आहेत. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर पडतो आणि मातीचे ढेकूळ फोडून तिचे कण सुटे करतो. उघड्या जागी एखाद्या खड्याखाली बोटाच्या पेराएवढा मातीचा खांब उभा राहिलेला दिसला, तर त्याचा अर्थ असा की खड्याने झाकलेली तेवढी माती वाचली आणि भोवतालची तेवढ्याच उंचीने निघून गेली. ही सालकाढी धूप होय. तिच्यापुढची अवस्था म्हणजे बोटभर खोल ओघळी, ज्या पुढच्या कोळपणीत बुजतात आणि म्हणून आपण विसरून जातो. त्यापुढची अवस्था म्हणजे घळ, जी कोणत्याही औताने बुजत नाही. धुपीचा उपाय पहिल्या अवस्थेत जवळजवळ फुकट असतो आणि तिसऱ्या अवस्थेत लाखांत जातो, म्हणून मी या खड्याखालच्या खांबांकडे पाहण्याचा इतका आग्रह धरतो.

दुसरी पायरी : उतार मोजावा

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी, दोन सारख्या उंचीच्या काठ्या आणि पाणी एवढ्यावर काम होते. पाणलोटाच्या कामांत वापरले जाणारे हायड्रोमार्कर याच तत्त्वावर चालते. दोन काठ्या उताराच्या दिशेने दहा मीटर अंतरावर उभ्या केल्या आणि नळीतील पाण्याच्या पातळीत ३० सेंटिमीटरचा फरक आला, तर उतार तीन टक्के आहे. पाण्याची पातळी दोन्ही काठ्यांवर सारखी येईल असे बिंदू शोधत गेले आणि त्यांवर चुन्याची फक्की टाकली, की ती समपातळी रेषा झाली. शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात अशा तीन रेषा आखल्या म्हणजे पेरणी कोणत्या दिशेने करायची हे ट्रॅक्टरवाल्याला बोटाने दाखवता येते. रेषा वळणावळणाची येते म्हणून ट्रॅक्टरवाला कुरकुर करील. त्याला थोडे जास्त भाडे द्यावे लागले तरी द्यावे.

तिसरी पायरी : जमीन उघडी ठेवू नये

या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. बांध, चर आणि बंधारे ही सुटलेली माती अडवण्याची साधने आहेत. माती सुटूच नये यासाठी जमिनीवर काहीतरी झाकण असणे हाच उपाय आहे. जमिनीचा साधारण ३० टक्के भाग काडीकचऱ्याने झाकलेला असला, तरी धूप निम्म्याच्या आसपास कमी होते.

आपल्याकडची अडचण अशी की, उन्हाळ्यात नांगरट, मोगडणी, कुळवाच्या दोन-तीन पाळ्या आणि धसकटे वेचून पेटवून देणे या सगळ्यानंतर जूनमध्ये जमीन अगदी भुसभुशीत आणि पूर्ण उघडी असते, आणि नेमके त्याच वेळी वळवाचे व मृगाचे जोरदार पाऊस येतात. सोयाबीनचे पीक ओळींमधली जागा झाकायला पेरणीपासून साधारण ४० ते ४५ दिवस घेते. कापसाला त्याहून अधिक काळ लागतो, कारण त्याच्या ओळींतील अंतर मोठे असते. म्हणजे वर्षाच्या धुपीचा मोठा हिस्सा या सुरुवातीच्या काळातच होतो. याच काळात पावसाच्या माऱ्याने बारीक माती वर पापुद्रा धरते आणि पेरणी दडपली जाते, ते नुकसान वेगळेच.

म्हणून पुढील गोष्टी आपल्या परिस्थितीप्रमाणे निवडाव्यात. नांगरट दरवर्षी करण्याची गरज नसते. तण आणि जमिनीची घट्टता पाहून ती तीन वर्षांतून एकदा केली तरी बहुतेक ठिकाणी चालते. सोयाबीनचे भुसकट मळणीच्या जागी पेटवून देऊ नये, तुरीच्या तुराट्या आणि कापसाची पऱ्हाटी यंत्राने बारीक करून रानातच पसरावी. मात्र गुलाबी बोंडअळीचा उपद्रव झालेल्या शेतातील पऱ्हाटी उभी ठेवू नये. ती वेळेवर काढून कुजवावी. कापसाच्या किंवा तुरीच्या दोन ओळींमध्ये उडीद, मूग, चवळी यांसारखे लवकर पसरणारे पीक घ्यावे. मटकी आणि हुलगा ही पिके हलक्या, उताराच्या जमिनीला जो आडोसा देतात, त्याची किंमत बाजारभावात दिसत नाही, आणि ती आपल्या शिवारांतून मागे पडत गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धतीत कायमस्वरूपी गादीवाफे ठेवून नांगरणी पूर्ण बंद केली जाते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. भातापासून सुरू झालेली ही पद्धत आता इतर पिकांतही वापरली जाते. नव्या शेतकऱ्याने ती सबंध शेतावर न करता आधी दहा-पंधरा गुंठ्यांवर करून पाहावी, कारण पहिल्या वर्षी तणांचे व्यवस्थापन शिकावे लागते.

चौथी पायरी : सर्व कामे उताराला आडवी करावीत

उताराच्या दिशेने पेरलेली प्रत्येक ओळ ही पाण्यासाठी तयार पाट असते. तीच ओळ आडवी असली की ती एक छोटा बांध ठरते. खोल काळ्या जमिनीत मात्र केवळ आडवे पेरून भागत नाही, कारण ही जमीन एकदा भिजून फुगली की पाणी फारच हळू जिरवते आणि सखल भागात पीक पिवळे पडते. अशा जमिनीसाठी रुंद वरंबा सरी पद्धत, जिला शेतकरी बीबीएफ म्हणूनच ओळखतात, ती उपयुक्त ठरते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी या पद्धतीवर मोठे काम झाले. सरींना ०.४ ते ०.८ टक्के इतकाच ढाळ ठेवला, तर कमी पावसात पाणी सरीत मुरते आणि जास्त पावसात ते सावकाश, माती न उचलता बाहेर पडते. बीबीएफ यंत्राने पेरताना सरींचे तोंड कुठे उघडते हे पाहणे फार आवश्यक आहे. त्या सऱ्यांचे पाणी थेट ओढ्याच्या कड्यावर सोडले, तर एका पावसाळ्यात तिथे घळ पडते. ते पाणी गवत लावलेल्या रुंद, उथळ पाणवाटेत सोडावे आणि त्या पाणवाटेत कधीही औत घालू नये.

पाचवी पायरी : खत वेळेवर, मातीआड आणि गरजेपुरते द्यावे

रब्बी पिके निघाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत माती परीक्षण करून घ्यावे. एकसारख्या जमिनीच्या तुकड्यातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा सुमारे वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरडून घ्यावी, सगळी एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. उकिरड्याची जागा, झाडाखालची जागा आणि बांधाजवळची जागा टाळावी. अहवालात उपलब्ध स्फुरद भरपूर आले असेल, तर पुढच्या हंगामात डीएपीची गोणी कमी करण्यास घाबरू नये, कारण आधीच भरलेल्या जमिनीतून वाहून जाणारी माती अधिक स्फुरद घेऊन जाते.

पन्नास किलोच्या डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, तर पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट हाताने वर फेकले, तर ते जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच बसते, आणि तोच थर सर्वांत आधी वाहून जातो. म्हणून ते दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा खताचा कप्पा असलेल्या पेरणी यंत्राने बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली पेरूनच द्यावे. खर्च तेवढाच, श्रम जवळजवळ तेवढेच, आणि ओढ्याचा लाभ मोठा.

नत्राच्या बाबतीत वेळ हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. पीक हिरवेगार दिसावे म्हणून त्यावर फेकलेला युरिया हा पिकाच्या गरजेचा नसतो. कापसाला नत्र विभागूनच द्यावे, जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना ओळीच्या कडेला द्यावे आणि लगेच डवरणी किंवा कोळपणी करून मातीआड करावे. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा जिल्हावार सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. त्यात जोरदार पाऊस दिसत असेल, तर युरियाची गोणी फोडू नये. पावसाच्या तोंडावर खत टाकले की पाऊसच ते मुरवतो, असा समज सर्वत्र आहे. हलक्या भुरभुर पावसाबाबत तो खरा आहे, पण तासाभरात ५० मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसाबाबत नाही.

शेणखताकडे याच काळजीने पाहावे. उन्हाळ्यात गाडीने आणलेल्या शेणखताचे छोटे ढीग सबंध शेतात तसेच ठेवून पावसाची वाट पाहण्याची पद्धत फार ठिकाणी आहे. त्या ढिगांतील अन्नद्रव्ये उन्हाने उडतात आणि उरलेली पहिल्या पावसात धुऊन जातात. खत आणले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पसरून कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावे. उकिरडा आणि गोठ्याची नाली ओढ्याच्या बाजूला असेल, तर ती हलवणे हे खताच्या सगळ्या नियोजनाआधीचे काम आहे. उकिरडा उंचवट्यावर, भोवती मातीचा वरंबा घालून आणि शक्य असल्यास सावलीत असावा.

ऊस बागायतदारांनी खत पाटपाण्याबरोबर सोडण्याऐवजी पहारीने छिद्रे घेऊन मुळांजवळ द्यावे किंवा ठिबकमधून थोडे थोडे द्यावे, आणि पाचट न जाळता सरीत ठेवावे. सांगली-कोल्हापूर भागातील क्षारपड जमिनींत सच्छिद्र पाईप टाकून केलेला भूमिगत निचरा क्षार काढण्यासाठी आवश्यक आहे, परंतु तोच पाईप विरघळलेले नत्र थेट ओढ्यात किंवा नदीत पोहोचवतो. ज्यांच्या शेतात असे पाईप आहेत, त्यांनी युरियाचे हप्ते लहान ठेवणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे. कोकणात चिखलणीच्या वेळी खाचरातून सोडले जाणारे गढूळ पाणी हा असाच मोठा ऱ्हास असतो. चिखलणीनंतर पाणी दोन-तीन दिवस खाचरातच निवळू द्यावे, खाचरांचे बांध उंच ठेवावेत आणि शक्य तिथे चारसूत्री पद्धतीप्रमाणे युरिया-डीएपी ब्रिकेट भातरोपांच्या चार चुडांच्या मध्यभागी खोल खोचाव्यात.

सहावी पायरी : बांध आणि सांडवे

बांध हे माती अडवण्याचे दुसरे संरक्षण आहे, आणि ते चुकीच्या जागी घातले तर अपायही करतात. हलक्या व मध्यम, पाणी जिरवणाऱ्या जमिनीत समपातळी बांध चालतात. खोल काळ्या जमिनीत ते उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात पाणी तुंबवतात आणि एका रात्रीत फुटतात. तिथे हलका ढाळ दिलेले, पाणी बाजूला वळवणारे ढाळीचे बांध घालावेत. दोन बांधांमधील अंतर उतारावर ठरते. नेहमीच्या सूत्राप्रमाणे तीन टक्के उतारावर ते सुमारे ३० मीटर आणि दोन टक्के उतारावर सुमारे ४० मीटर येते. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, असलाच पाहिजे. सांडवा नसलेला बांध जिथून फुटतो, तिथून वर्षभर साठवलेली माती एकदम निघून जाते.

बांधावर वाळा, मारवेल किंवा पवना गवताची ठोंबे मृगात दोन ओळींत, दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावावीत. वाळ्याची मुळे खोल व उभी जातात आणि ते पिकात पसरत नाही. मारवेल आणि पवना जनावरांना चारा देतात, त्यामुळे घरात दूधदुभते असेल तर त्यांना पसंती द्यावी. जुना बांध दरवर्षी नांगराने दोन-चार बोटे कोरत नेण्याची सवय गावोगाव आहे, आणि त्यातून भावाभावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत तंटे उभे राहतात. कोरून मिळालेल्या त्या वीतभर जमिनीपेक्षा बांध खचल्याने जाणारी माती कितीतरी अधिक असते, ही गोष्ट शेजाऱ्याला शांतपणे, शक्यतो पावसाळ्यात बांधावर उभे राहून दाखवावी.

वरच्या शेतांतून आणि माळावरून येणारे पाणी आपण एकट्याने थांबवू शकत नाही. काम माथा ते पायथा असेच करावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आणि जालना जिल्ह्यातील कडवंची या गावांत आधी डोंगरउतारावर आणि माळावर चर, गवत व चराईचे नियम झाले आणि मग खालच्या ओढ्यांवरची कामे टिकली. तळातला ओढा जेसीबीने खोल व रुंद करून वरचे शेत उघडेच ठेवले, तर दोन-तीन पावसाळ्यांत तोच गाळाने पुन्हा भरतो आणि काठ ढासळू लागतात.

सातवी पायरी : ओघळ आणि ओढ्याचा काठ

शेतात पडलेली ओघळ लहान असतानाच अनघड दगडांचे छोटे बांध घालून थांबवावी. दगड काठात दोन्ही बाजूंनी फूटभर आत बसवावेत, मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवावा म्हणजे पाणी मधूनच जाईल, आणि खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल इतक्या अंतरावर पुढचा बांध घ्यावा. यासाठी मुरमाड शेतातील सगळे खडे वेचून आणू नयेत, कारण उघड्या जमिनीवर ते खडेच झाकणाचे काम करत असतात.

ओढ्याच्या कडेने किमान पाच मीटर, जमत असल्यास दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगराबाहेर सोडावा. पाण्याकडच्या बाजूला निर्गुडी, वाळा, बांबू, करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन, तर शेताकडच्या बाजूला दाट गवत अशी रचना ठेवावी. झाडे काठ धरून ठेवतात, पण गाळ आणि स्फुरद गाळण्याचे खरे काम गवत करते. हा पट्टा पाणी पसरून येत असेल तेव्हाच उपयोगी पडतो. एका धारेत गोळा झालेले पाणी दहा मीटरचा पट्टाही सहज चिरून जाते, म्हणून पट्ट्याच्या वरच्या कडेला जिथे धार पडते तिथे दगडांची एक उथळ ओळ घालून पाणी पसरवून द्यावे. फवारणीचा पंप आणि खताच्या गोण्या ओढ्यात धुऊ नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण ती पडते. ओढ्याच्या पात्रातील काम स्वतःच्या मनाने करू नये. पात्र सातबाऱ्यावर आपल्या नावे नसते, आणि तिथल्या बंधाऱ्यासाठी ग्रामपंचायत व मृद व जलसंधारण विभागाशी बोलूनच पुढे जावे.

आठवी पायरी : किती गेले ते मोजावे

शेतातून पाणी जिथे बाहेर पडते, तिथे जोरदार पावसात एक लिटरची स्वच्छ बाटली भरून घ्यावी. ती रात्रभर न हलवता ठेवावी. काळी माती लवकर बसत नाही, तेव्हा चिमूटभर तुरटी फिरवावी. वरचे निवळलेले पाणी ओतून टाकून खाली राहिलेला गाळ उन्हात पूर्ण वाळवावा आणि सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातील बारीक काट्यावर तोलावा. समजा, लिटरला चार ग्रॅम माती निघाली आणि त्या पावसात एका एकरावरून २५ मिलिमीटर पाणी वाहून गेले, तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर होते आणि त्याबरोबर चारशे किलो माती गेली असे समजावे. शेजारच्या झाकलेल्या आणि न झाकलेल्या तुकड्यांतून एकाच पावसात अशा दोन बाटल्या भरून शेजारी ठेवल्या, तर घरातील मंडळींना पटवण्यासाठी वेगळे बोलावे लागत नाही.

याशिवाय शेताच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या पट्ट्याच्या अलीकडे, तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा गाळखड्डा घ्यावा आणि त्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवावी. खड्ड्याभोवती काट्यांचे कुंपण घालावे, म्हणजे जनावर किंवा मूल त्यात पडणार नाही. त्यात १५ सेंटिमीटर गाळ साचला, तर वाळल्यावर तो सुमारे एक टन भरतो. अगदी बारीक कण आणि विरघळलेले नत्र यात अडकत नाहीत, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा कमीच धरावा. पण वर्षावर्षांची तुलना करायला तो पुरेसा आहे. पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, हा गाळ काढून शेताच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे खडे उघडे पडले आहेत अशा जागी, एक-दोन बोटांच्या थराने पसरावा, कुळवाने मातीत मिसळावा आणि त्यावर लगेच हरभरा किंवा करडई पेरावी, म्हणजे परत आणलेली माती उघडी राहणार नाही.